थायरॉईड कमी आहे, आता "ॲड्रिनल थकवा" म्हणून सप्लिमेंट दिलीत. सोबत घेऊ का?

वडगावची काकी (बेळगाव)

नमस्कार. जरा लांबलचक लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की सल्लाही अर्धवटच मिळतो.

वय ४६. राहायला वडगाव. खाली माग, वर आम्ही, त्यामुळे दिवसभर खडखडाट. मी फॉल-पिको आणि साडीच्या पदराला गोंडे बांधायचं काम करते. धाकट्याच्या बाळंतपणानंतर थायरॉईड निघाला, कमी काम करणारा. तेव्हापासून थायरोनॉर्म चालू आहे, सध्या ७५. बीपीसाठी अम्लोडिपिन ५. रक्त कमी म्हणून लोहाची गोळीही दिली आहे, ती थायरॉईडच्या गोळीबरोबरच सकाळी टाकते म्हणजे विसरत नाही. त्यावर लगेच चहा, कारण आमच्यात पाचला चहा झाल्याशिवाय माग चालू होत नाहीत.

आता त्रास सांगते. दुपारी तीन वाजले की अंगातलं सगळं बळ कुणीतरी काढून घेतं. परवा गिऱ्हाइकाची साडी मांडीवर, पदराचे निम्मे गोंडे बांधून झालेले, आणि पुढची गाठ मारायला बोटंच उचलेनात. रात्री दहाला पाठ टेकते, तीन-साडेतीनला टक्क जाग. केसांचा तर भांगच रुंद झालाय (त्याच्यासाठी नणंदेनं आणून दिलेल्या गमी दिवाळीपासून खाते आहे). लोणच्याचा खार चमच्यानं खावासा वाटतो. पाळी अजून आहे, आणि भरपूर अंगावर जाते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. टीएसएच (थायरॉईड कमी पडला की वाढतो तो रक्तातला आकडा) २.९. "नॉर्मल ऐत्री अक्का," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मग मी काय खोटं बोलते आहे का?

भाचीनं एका वेलनेस कोचचा नंबर दिला. बाईंनी व्हॉट्सॲपवर फॉर्म भरून घेतला: थकवा येतो का, खारट आवडतं का, सकाळी उठवत नाही का, चिडचिड होते का. आमच्या गल्लीतली कुठली बाई याला "नाही" म्हणेल मला माहीत नाही. निकाल आला, तुमचा ॲड्रिनल थकवा तिसऱ्या टप्प्यात आहे. म्हणे थायरॉईडच्या गोळीनं बरं वाटत नाही ते याच्यामुळेच, आधी ॲड्रिनल सुधारा, मग थायरॉईड आपोआप येईल ताळ्यावर. पॅकेजचे ₹६,८०० आणि लाळेची तपासणी वेगळी. ती अजून केलेली नाही, पण डब्या येऊन पडल्यात.

जरीचा दोष बघायला घरात भिंग असतं, त्यानं मोठ्या डबीचं लेबल वाचलं. अश्वगंधा, ज्येष्ठमधाचा अर्क, व्हिटॅमिन सी, पँटोथेनिक ॲसिड, आणि सगळ्यात वर "बोवाइन ॲड्रिनल". मुलानं मोबाईलवर शोधून सांगितलं, मम्मी, गुराच्या मूत्रपिंडावरची ग्रंथी वाळवून केलेली पूड आहे ही. आत्यांना (सासूबाईंना) अजून बोललेले नाही. त्या दर सोमवारी कपिलेश्वराला जातात, डबी घरातनं बाहेर जाईल आणि पाठोपाठ मीही.

तर विचारायचं हे की असा आजार खरंच असतो का, आणि थायरॉईड व बीपीच्या गोळ्यांबरोबर हे चालतं का? मालकांचं म्हणणं, पैसे गेलेत तर खाऊन टाक. तसलं उत्तर नको.

शहापूर फिटनेस

काकी, घाबरू नका. मी स्वतः अश्वगंधा घेतो, झोप मस्त लागते. ॲलोपॅथीवाले ॲड्रिनल फटीग मानत नाहीत कारण त्यांच्याकडे त्याची गोळी नाही. आपलं आयुर्वेद हजारो वर्षांचं आहे, नैसर्गिक गोष्टींनी अपाय होत नाही. बीफवाली डबी तेवढी बदलून घ्या, बाकीचं चालू करा. महिनाभरात फरक कळेल.

निवृत्त लॅबवाला (टिळकवाडी)

ताई, मी आयुष्यभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो. डॉक्टर नाही, त्यामुळे अमुक गोळी वाढवा, तमुक बंद करा असलं काही सांगणार नाही. पण रिपोर्ट कसा तयार होतो ते मला माहीत आहे, आणि तुम्ही कंसात सहज टाकलेल्या एका वाक्यावर माझी नजर अडकली. केसांच्या गमी.

ती बाटली फिरवून बघा, बायोटिन (केसांसाठी म्हणून विकतात ते एक व्हिटॅमिन) किती लिहिलंय. शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं. केसांच्या गमी-गोळ्यांत ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅमही असतं. एरवी ते लघवीवाटे निघून जातं, अपाय नाही. पण टीएसएच मोजणाऱ्या बऱ्याच मशीनची किट बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन या जोडीवर चालते. ही दोन एकमेकांना घट्ट धरतात आणि त्या पकडीवरच मोजणी होते. तुमच्या रक्तातलं जादा बायोटिन आधीच जागा अडवून बसलं की टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसतं. टी४ (थायरॉईडचं हार्मोन) ची चाचणी उलट्या पद्धतीची, तिथं आकडा जास्त दिसतो. म्हणजे खरोखर थायरॉईड कमी पडत असलेल्या बाईचा रिपोर्ट छान "नॉर्मल" निघतो. २०१७ साली अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) यावर जाहीर इशारा दिला होता. सगळ्या किटमध्ये असं होत नाही, आणि कंपन्यांनी नव्या किट सुधारल्याही आहेत. पण तुमच्या लॅबमध्ये कुठली आहे ते तुम्हाला कोण सांगणार? रक्त घेताना गमी खाता का असं आमच्या काउंटरवर तरी कुणी विचारत नव्हतं. तेव्हा २.९ हा आकडा खरा धरू नका, खोटाही धरू नका. दोन-तीन दिवस गमी पूर्ण बंद ठेवून पुन्हा तपासा. कॉर्टिसोल (ॲड्रिनल ग्रंथीचं हार्मोन) तपासायचं ठरलं तर त्यालाही हाच नियम, तिथंही बायोटिन आकडा फुगवू शकतं.

आता ॲड्रिनल. शहापूरच्या भावाला सांगायचंय की यात आयुर्वेदाला ओढू नका. "ॲड्रिनल फटीग" हे नाव १९९८ साली जेम्स विल्सन या अमेरिकन नॅचरोपॅथनं काढलं. कल्पना अशी की सततच्या ताणानं या ग्रंथी दमतात आणि कॉर्टिसोल पुरेसं करत नाहीत. ऐकायला पटतं. पण २०१६ मध्ये ब्राझीलच्या दोन एंडोक्रायनॉलॉजिस्टांनी (हार्मोनच्या डॉक्टरांनी) ५८ अभ्यास एकत्र तपासले, त्यात ग्रंथी अशा दमतात याला आधार सापडला नाही. लाळेच्या चार वेळच्या तपासण्यांचे निकालही एकमेकांशी जुळत नव्हते. लाळेतल्या कॉर्टिसोलचा खरा उपयोग आहे, पण तो उलट आजारासाठी, कॉर्टिसोल जास्त होतं त्या कुशिंगसाठी, आणि तेही रात्री उशिरा घेतलेल्या नमुन्यात.

याचा अर्थ तुमचा थकवा खोटा आहे असा नाही. थकवा खरा आहे, त्याला चिकटवलेलं नाव खोटं आहे.

डबीबद्दल मात्र मी जास्त कडक बोलेन. २०१८ मध्ये मेयो क्लिनिकच्या नियतकालिकात एक तपासणी छापून आली. अमेरिकेत विकली जाणारी "ॲड्रिनल सपोर्ट" म्हणवणारी १२ सप्लिमेंट घेऊन आत काय आहे ते मोजलं. बाराच्या बारांत टी३ हे थायरॉईडचंच हार्मोन सापडलं, आणि सातांत कुठलं ना कुठलं स्टिरॉईड. लेबलवर ते लिहिलेलं नव्हतं. तुमच्या डबीत असेलच असं मी म्हणत नाही, पण ७५ च्या गोळीवर नकळत आणखी टी३ गेलं तर छाती धडधडेल, झोप आणखी जाईल आणि टीएसएच पुन्हा गोंधळेल. बाहेरून स्टिरॉईड जात राहिलं तर आपली ग्रंथी काम कमी करते. म्हणजे जो आजार नाही त्याच्यावरचं औषध खाऊन तो आणायचा.

ज्येष्ठमधानं बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. घसा बसला म्हणून कांडी चघळणं वेगळं आणि रोज अर्काची कॅप्सूल वेगळी. तुम्ही अम्लोडिपिन घेता, तुमच्यासाठी तर नकोच. अश्वगंधेनं काहींमध्ये थायरॉईडची हार्मोन वाढलेली दिसली आहेत, यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. या भावाला तिनं झोप लागत असेल, त्याला थायरॉईड नाही, बीपी नाही, त्याचं त्याच्यापाशी.

आणि शेवटचं, पण मला वाटतं खरी मेख इथंच आहे. थायरॉईडची गोळी, लोहाची गोळी आणि दुधाचा चहा एकाच वेळी! लोह आणि कॅल्शियम या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात, ती रक्तात पूर्ण उतरत नाही. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, आणि लोह-कॅल्शियम किमान चार तासांनी. पाळी जास्त जाते म्हणता, तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ पण बघायला डॉक्टरांना सांगा. दुपारी बोटं न उचलण्याचं कारण तिथं असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

खानापूरची बाई

लॅबवाल्या काकांचं सगळं पटलं, पण वाचणाऱ्यांपैकी कुणी "ॲड्रिनलचं म्हणजे सगळं थोतांड" असं समजू नये म्हणून लिहिते. ॲड्रिनल खरोखर बंद पडतात. त्याला ॲडिसनचा आजार म्हणतात, १८५५ पासून माहीत असलेला. आमच्या घरात झाला.

माझे धाकटे दीर. पूर्वी टीबी होऊन गेलेला, कोर्स पूर्ण केलेला. वजन उतरत गेलं. शेतातनं आले की मीठ घातलेलं ताक तांब्या तांब्यानं प्यायचे. उन्हानं रापलेत असंच सगळे म्हणत होते. पण मी एकदा ताट वाढताना हात बघितला, तळव्याच्या रेषा शाई भरल्यासारख्या काळ्या, आणि हसले तर हिरड्यांवरही काळे डाग. उन्हानं हिरड्या काळ्या होत नाहीत ना ओ. गावाकडच्या एका दवाखान्यात टीएसएच थोडं जास्त आलं म्हणून थायरॉईडची गोळी चालू केली. आठ-दहा दिवसांत उलट्या, जुलाब, उठून बसलं की डोळ्यांपुढे अंधार. बीपी लागेना. बेळगावला नेलं तेव्हा सोडियम खूप खाली आणि पोटॅशियम वर. तिथल्या डॉक्टरांनी रेषा बघूनच ओळखलं, सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलच्या जागी द्यायचं स्टिरॉईड) लगेच चालू केलं, तपासण्या मागनं.

नंतर त्यांनी समजावून सांगितलं. ॲड्रिनल बंद असताना आधी थायरॉईडची गोळी दिली तर शरीरातलं उरलंसुरलं कॉर्टिसोल आणखी लवकर संपतं आणि माणूस कोसळतो. कॉर्टिसोल कमी असल्यामुळेही टीएसएच थोडं वर दिसू शकतं. म्हणून शंका असेल तर आधी सकाळी आठचं कॉर्टिसोल, गरज पडली तर एसीटीएच (ॲड्रिनलला काम करायला लावणारं मेंदूकडचं हार्मोन) आणि इंजेक्शन देऊन करायची सिनॅक्थेन चाचणी. आपल्याकडे टीबी हे याचं एक कारण अजूनही आहेच. ज्यांचा थायरॉईड शरीरानंच आपल्या ग्रंथीवर हल्ला करून बिघडवलेला असतो, त्यांच्यात ॲडिसनही इतरांपेक्षा जास्त आढळतो.

काकी, तुमचं बीपी वाढलेलं आहे, म्हणजे तुमचं चित्र तसलं दिसत नाही. पण वजन आपोआप उतरतंय का आणि हिरड्या-रेषा काळवंडल्यात का, एवढं आरशात बघाच. दीर आता रोज गोळ्या घेतात, ताप आला की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस वाढवतात, खिशात "स्टिरॉईडवर आहे" अशी चिठ्ठी असते. यंदा भात त्यांनीच लावलं.

निपाणी मेडिकल

दुकानात गर्दी आहे, थोडक्यात. घरात कुणी सांधेदुखीची बिननावाची पुडी घेतं का, "दोन दिवसांत गुण येतो" वाली? त्यात बऱ्याचदा डेक्सामेथासोन नाहीतर प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉईड, कुटून घातलेलं असतं. भूक लागते, अंगात जोर येतो, चेहरा गोल होतो. महिनोन्महिने घेऊन एकदम बंद केली की ॲड्रिनल खरोखरच झोपलेली असते. अशी पुडी घेत असाल तर मनानं तोडू नका, पुडीसकट डॉक्टरांकडे जा. आणि सीमेच्या अलीकडचं असो नाहीतर पलीकडचं, लेबल नसलेलं काही पोटात घालू नका.

वडगावची काकी (बेळगाव)

सगळ्यांचे आभार. जरा उशीर झाला, मंगाईची यात्रा होती, घर पाहुण्यांनी भरलेलं.

गमीच्या बाटलीवर १०,००० मायक्रोग्रॅम निघालं. मोठी डबी उघडलीच नाही. तीन दिवस गमी बंद ठेवून हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेले, रक्त सकाळी आठलाच दिलं. टीएसएच ८.१. हिमोग्लोबिन ९.६ आणि फेरिटिन ७, दोन्ही कमी, बी१२ ठीक. कॉर्टिसोल १६.२ आलं. तुमचं बीपी, सोडियम-पोटॅशियम आणि हा आकडा बघता ॲड्रिनलची काळजी करायचं कारण दिसत नाही, पुढच्या चाचणीची गरज नाही, असं म्हणाले. हिरड्या, तळवे बघायला मी स्वतःहून सांगितलं, तेव्हा हसून "कुठे वाचलंत?" विचारलं. खानापूरच्या बाईंचं नाव सांगितलं असतं, पण माहीत नव्हतं.

थायरॉईडचा डोस वाढवला नाही. आधी वेळा नीट करा, आठ आठवड्यांनी पुन्हा तपासू म्हणाले. गोळी बरोबर पोटात उतरायला लागली आणि वर डोसही वाढवलेला असला तर आकडा दुसऱ्या टोकाला जायचा. लोह आता दुपारच्या जेवणाआधी, लिंबूपाण्याबरोबर. पाळीसाठी बायकांच्या डॉक्टरांकडे पाठवलंय, सोनोग्राफी या शनिवारी.

कोचबाईंना पैसे परत मागितले तर म्हणाल्या, "हीलिंग क्रायसिसच्या आधीच तुम्ही हार मानलीत." त्यानंतर माझा नंबर ब्लॉक. डबी मुलानं कपाटावर टाकलीय, आत्यांना प्रोटीन पावडर म्हणून सांगितलंय.

एक अडचण उरली. पाचचा चहा मला एकटीला तासभर पुढं ढकलता येत नाही, मालक आणि कामगार वाट बघत बसतात, आणि चहा करून नुसता वास घेत बसायचं मला जमत नाही. ही गोळी रात्री घेतली तर चालते का?

निवृत्त लॅबवाला (टिळकवाडी)

चालते. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये तुलना करून बघितली होती, झोपताना घेणाऱ्यांचं टीएसएच सकाळी घेणाऱ्यांपेक्षा उलट चांगलं उतरलं. अट एकच, शेवटच्या घासानंतर तीन तास गेलेले हवेत. आठला जेवण, अकराला गोळी, मध्ये दूध नाही, फरसाण नाही. तुम्ही दहाला पडता, त्यामुळे जेवण सातला आणावं लागेल. मागावरची माणसं सातला जेवतील का ते तुम्हीच बघा. डॉक्टरांना फोन करून बदल कळवा, आणि एकदा वेळ ठरवली की तपासणी होईपर्यंत तीच ठेवा. रात्रीची आठवड्यातून दोनदा चुकायला लागली तर सकाळच बरी, मग गोळी उशाशी तांब्याजवळ ठेवायची आणि तीन-साडेतीनला जाग येते तेव्हाच घ्यायची. पाचच्या चहाला तासाच्या वर अंतर आपसूक पडतं.

वडगावची काकी (बेळगाव)

हे सुचलंच नव्हतं बघा. साडेतीनची जाग जाईपर्यंत तरी हेच. डॉक्टरांना सोमवारी फोन करते.